लायसन्स न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर आणि साताऱ्याचा चढ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय ४६. साताऱ्यात घरगुती डबे देते, रोज चौदा-पंधरा. सगळ्यात लांबचं घर समर्थ मंदिराच्या बाजूला. दुकानदार म्हणतो, ही इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, लायसन्स नको, नंबर नको, विमा नको. वर पंधराशे दिले तर वेगाचं लॉक काढून ४५ ने पळवून देतो. संध्याकाळचे डबे मुलगा पोचवेल, त्याला १५ पूर्ण आहेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, पण बॅटरी काढून वर नेता येते. घेऊ का? आणि एवढ्याशा गाडीवर हेल्मेट घातलं तर लोक हसतील ना?"

ताई, मी कोल्हापुरात बायकांना दुचाकी शिकवते, चौदा वर्षं झाली. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन माझ्याकडे महिन्याला दोघी-तिघी येतात. त्यातल्या बहुतेकींनी गाडी आधीच घेतलेली असते, तुम्ही घ्यायच्या आधी विचारलंत हे बरं झालं.

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसऱ्या वाक्यानं त्यानं ते स्वतःच खोटं केलंय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. दुचाकीच्या मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या आत, आणि हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून प्रमाणपत्र दिलेलं, अशी गाडी कायद्याच्या भाषेत 'मोटार वाहन'च धरत नाहीत. तपासणाऱ्या संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट वगैरे. मोटार वाहन नाही म्हणून नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, सक्तीचा विमा नाही. इथवर दुकानदार बरोबर.

पण नीट बघा, ही सूट गाडीला दिली आहे आणि तीही ती जशी तपासली तशीच राहील या अटीवर. लॉक काढून तीच गाडी ४५ ने पळाली की ती मोटार वाहन झाली. तेही कसलं, तर नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं आणि चालवणारीकडे लायसन्स नसलेलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दंड वाढले त्याप्रमाणे लायसन्सशिवाय चालवायला ५,००० रुपये, नोंदणीशिवाय चालवायला पहिल्या वेळी ५,००० पर्यंत, आणि गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मालक तुम्ही, दुकानदार नव्हे. बदल करून विकणाऱ्यालाही वेगळी आणि मोठी शिक्षा आहे, पण त्यासाठी त्यानं तो पंधराशेचा उद्योग बिलावर लिहायला हवा. तो कधीच लिहीत नाही. आणि "मग नंतर नंबर लावून घेऊ" असंही होत नाही, कारण ते मॉडेल नोंदणीसाठी मंजूरच झालेलं नसतं.

पोलीस हात लावत नाहीत हेही जुनं झालं. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयानं अशा बदल केलेल्या गाड्या तपासायला सांगितलं, तेव्हापासून अधूनमधून मोहिमा होतात. हिरवी नंबर प्लेट नसलेली इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीबरोबरीनं पळताना दिसली की ओळखायला आणखी काही लागत नाही.

दंडाचं मी एवढं सांगितलं, पण मला जास्त काळजी विम्याची वाटते. तुमच्या गाडीनं कुणा म्हाताऱ्या माणसाला धक्का बसला, त्याचा खुबा मोडला, तर त्याची भरपाई नोंदणीच्या गाडीवर विमा कंपनी देते. इथं ती तुमच्या डब्याच्या पैशातून जाणार. शिवाय बेदरकारपणे वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम कुठल्याही वाहनाला लागतं, मोटार वाहन असो वा नसो.

आता ४५ चा वेग म्हणजे काय ते बघू. रस्त्यात काही आडवं आलं तर डोळ्यांनी बघून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. २५ च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते, ४५ ला साडेबारा मीटर. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला, या गाड्यांचे साधे ड्रम ब्रेक आणि बारीक टायर धरून, २५ ला सहा मीटर आणि ४५ ला एकोणीस-वीस मीटर लागतात. म्हणजे एकूण १३ मीटर आणि ३२ मीटर. वेग दुपटीहून कमीच वाढला, पण थांबायचं अंतर अडीचपट झालं. दुकानदार कंट्रोलरमधली, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीतली, एक वायर हलवतो. ब्रेक, टायर, शॉकअब्सॉर्बर, चासी, सगळं २५ चंच राहतं.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका बावन्न वर्षांच्या बाईंनी अशाच गाडीचं लॉक काढून घेतलं होतं. पावसाळा, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, पुढे रिक्षा थांबली. दोन्ही ब्रेक दाबले, पुढचं चाक सरकलं. मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. चूक थोडी माझीही. त्या आल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, "२५ ची गाडी आहे, चार दिवसांत जमेल." ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा धडा मी त्यांना दिलाच नव्हता. आता गाडी कितीचीही असो, तो दिल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

तुमच्याबाबतीत खरी अडचण मात्र वेगळीच आहे. तुम्ही साताऱ्यात राहता. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर ५०० किंवा ७५० वॉट लिहिलं असेल, बघा. या गाडीची मोटर त्याच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा. गाडी, बॅटरी, तुम्ही आणि डबे मिळून १८० किलो धरा. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता धरला, तर २५० वॉटमध्ये हिशेबानं ताशी पाच-सहा किलोमीटर वेग निघतो. चालत गेलात तरी तेवढाच. मोटर थोडा वेळ जास्त जोर देते, पण मग तापते, आणि रोज तापली की आधी कंट्रोलर जातो, मग बॅटरी. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे आणि पुढे समर्थ मंदिराकडे डबे भरून ही गाडी रोज चढवायची म्हणजे तिचा छळ. दुकानदाराला हे माहीत आहे, म्हणून तो लॉक काढायचं आधीच सुचवतो. सांगली-मिरजेच्या सपाटीवरच्या कुणी विचारलं असतं, तर मी २५ ची गाडी घ्या, खुशाल घ्या, असं म्हटलं असतं. तुम्हाला नाही म्हणत.

तुम्ही नोंदणीची, हिरव्या पाटीची इलेक्ट्रिक स्कूटर घ्या आणि लायसन्स काढा. गाडी महाग पडेल हे कळतंय मला. जमत नसेल तर सहा महिने थांबा, नाहीतर सुस्थितीतली जुनी पेट्रोल स्कूटर घ्या. पण लॉक काढलेली नको.

लायसन्सचं नाव काढलं की बायका मागे सरतात, आणि कारण विचारलं की म्हणतात, "वेळ नाही हो." खरं कारण परीक्षेत गाडीनं काढायचा आठचा आकडा असतो. आरटीओच्या मैदानात चार माणसं बघतायत, पाय टेकला की नापास. तर ऐका. शिकाऊ लायसन्सचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो, आधार असेल तर परीक्षा घरबसल्या देता येते. चाळिशी उलटल्यामुळे तुम्हाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल, नमुना '१ अ'. विनागिअर दुचाकीचं लायसन्स मागा, स्कूटरला तेवढं पुरतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढेमागे लाल 'एल' लावा आणि मागे कुणाला बसवू नका, शिकवणारं सोडून.

आता आठ काढायचा कसा? पेट्रोलच्या गाडीवर आम्ही शिकवायचो, मूठ थोडी उघडी ठेवा आणि मागचा ब्रेक हलकासा धरून वेग आवरा. इलेक्ट्रिक स्कूटरवर ही युक्ती अंगावर येते. बहुतेक गाड्यांत ब्रेकची दांडी जराशी ओढली की मोटरचा पुरवठाच तुटतो, म्हणजे वळणाच्या मधोमध गाडी मेल्यासारखी होते आणि पाय खाली जातो. म्हणून सगळ्यात कमी वेगाच्या मोडवर ठेवा, मूठ अगदी एवढीशी फिरवून तिथंच स्थिर धरा, ब्रेकला बोट लावू नका. नजर चाकाकडे नको, वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवा. मान वळली की गाडी वळते. दोन विटा चार पावलांवर ठेवून रोज सकाळी वीस मिनिटं करा. पंधरा दिवसांत जमतं, साठीच्या बायकांना जमलेलं मी पाहिलंय.

मूठ हे इलेक्ट्रिक गाडीचं दुसरं दुखणं. पेट्रोलची गाडी चालू असली की धडधडते, कळतं. ही चालू असून गप्प बसते. दारात गाडी लावून, चावी न काढता, तुम्ही डबा द्यायला गेलात आणि कुणाच्या पोरानं मूठ पिरगाळली, की गाडी भिंतीवर. तुमच्या स्वतःच्या हातूनही होईल, कारण उतरताना आपण हँडलला धरूनच उतरतो. घाबरलं की मूठ सुटायच्या ऐवजी आवळली जाते, आणि आवळली म्हणजे फिरते. त्यामुळे माझ्या वर्गात पहिला नियम: गाडी थांबली की आधी चावी बंद, मग उतरायचं, मग स्टँड. डबा देताना दोनच मिनिटं लागणार असली तरी चावी हातात हवी.

आणि ती गप्प आहे म्हणून रस्त्यावरच्या माणसाला मागून काही येतंय हे कळतच नाही. मंडईत, शाळेच्या दारात, देवळाशी, हॉर्नवर अंगठा ठेवून हळू चला. माणसं बिनधास्त आडवी येतात, त्यात त्यांचा दोष नाही.

डबे हँडलच्या हुकाला लटकवू नका. एका बाजूला चार डब्यांची पिशवी लटकली की हँडल ओढतं आणि वळणावर पिशवी गुडघ्याला अडते. पायाशी ठेवलेत तर तळवे गाडीच्या आतच मावले पाहिजेत. पाय बाहेर लोंबत असतील तर तेवढा डबा जास्त झाला असं समजा. मागच्या सीटवर पेटी पक्की बांधून घेतलेली सगळ्यात चांगली, जड डबे तळाशी. पंधरा डबे एका फेरीत कोंबण्यापेक्षा दोन फेऱ्या केलेल्या परवडतील. साडीचा पदर किंवा ओढणी पोटाशी खोचूनच बसा आणि मागच्या चाकाला साडी गार्ड आहे का ते घेतानाच बघा, काही इलेक्ट्रिक गाड्यांना तो वेगळा मागावा लागतो.

पावसात पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, पेव्हर ब्लॉक, यांच्यावर ब्रेक आणि वळण दोन्ही टाळायचं. वेग त्याच्या आधीच कमी करायचा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे, पण पुढचा म्हणजे उजव्या हाताचा हळूहळू आवळत न्यायचा. एकट्या मागच्या ब्रेकवर चालवणाऱ्या बायका फार आहेत. गाडी थांबते त्यांची, पण वेळेवर नाही. रस्त्याच्या अगदी कडेला, मातीत चाक घालूनही जाऊ नका. कडेपासून मीटरभर आत राहा, म्हणजे उभ्या गाडीचं दार उघडलं तरी अंग वाचतं. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेनं तर चुकूनही नाही, "एवढंच तर अंतर आहे" म्हणत सगळेच जातात.

मुलाचा प्रश्न. मोटार वाहन नसलेल्या २५ च्या गाडीला लायसन्स नाही, त्यामुळे लायसन्सच्या वयाची अटही तिला लागत नाही. कागदावर पंधराचा मुलगा ती चालवू शकतो. पण तीच गाडी लॉक काढलेली असेल, किंवा तुम्ही माझं ऐकून नोंदणीची गाडी घेतलीत आणि ती त्याच्या हातात दिलीत, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ येतं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध केलं तर पालक सुटतो, पण डबे तुमचे, गाडी तुमची, कोण ऐकेल? अठरा होईपर्यंत संध्याकाळचे जवळचे डबे त्यानं सायकलवर न्यावेत. लांबचे तुम्ही.

तरीही कुणाला सपाट गावासाठी २५ चीच गाडी घ्यायची असेल, तर दुकानात तीन गोष्टी. एक, त्या मॉडेलच्या तपासणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि मॉडेलचं नाव, मोटरची ताकद बिलाशी आणि गाडीवरच्या पट्टीशी जुळवा. ती प्रत गाडीत ठेवा, रस्त्यात अडवलं तर तीच दाखवायची. दोन, चालवून बघताना मोबाइलवर जीपीएसचा वेग लावा. गाडीचा काटा २५ दाखवतो आणि मोबाइल ३८, असं मी स्वतः पाहिलंय, म्हणजे "आधीच खोललेली" गाडी गळ्यात मारत होते. तीन, मेन स्टँडवर लावून मूठ फिरवा आणि ब्रेक दाबा. चाकाची मोटर लगेच बंद पडली पाहिजे. नाही पडली तर ती गाडी तिथंच सोडा.

चार्जिंगचं लक्ष देऊन वाचा. बॅटरी वर नेता येते ही सोय आहे आणि धोकाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला, त्यात सात वर्षांचं मूल गेलं. त्याच वर्षीच्या आगींनंतर सरकारनं बॅटरीचे निकष कडक केले, ते एआयएस १५६ या नावानं ओळखले जातात आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. गाडी घेताना हे नाव घेऊन विचारा. लिथियममध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आगीच्या बाबतीत तुलनेनं शांत असते, मिळत असेल तर ती घ्या.

तिसऱ्या मजल्यावर जागा कुठली? जिन्यात आणि दाराजवळ मुळीच नाही. आग लागली तर पळायची वाट तीच असते. स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी नाही. झोपायच्या खोलीत नाही. बाल्कनी असेल तर तिथं, सावलीत, फरशीवर, आजूबाजूला कपडे-कागद नसतील असं. गाडी चालवून आल्याबरोबर लावू नका, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. रात्रभर लावून झोपू नका, दुपारी डबे संपल्यावर जागेपणी लावा. चार्जर त्याच बॅटरीचा. शेजारणीचा चार्जर पिनेत बसतो म्हणून चालत नाही, आतला व्होल्टेज वेगळा असू शकतो. एक्स्टेंशन बोर्ड नको, अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. बॅटरी फुगली, उग्र वास आला, हिसहिसली, तर ती उचलून बाहेर न्यायचं धाडस करू नका. माणसं बाहेर काढा, जमल्यास मेन स्विच पाडा आणि १०१ लावा.

आमच्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आणखी एक धडा मिळाला. पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी वरून वाळली म्हणून चावी फिरवायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. आत शिरलेलं पाणी चार-आठ दिवसांनीही शॉर्ट करतं. उघड्यावर लांब ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

राहिलं हेल्मेट. नोंदणीच्या गाडीवर ते सक्तीचंच आहे, चालवणारीला आणि मागे बसणारीलाही. २५ च्या गाडीवर कायदा गप्प आहे, पण २५ ने जाताना डोकं दुभाजकावर आपटलं तर कवटीला गाडीचा प्रकार कळत नाही. आयएसआय खुणेचं घ्या, त्याशिवायची विकायलाच १ जून २०२१ पासून बंदी आहे. हनुवटीचा पट्टा लावून दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. बायकांची अडचण अंबाड्याची असते. अंबाड्यावर हेल्मेट चढतं पण बसत नाही, पुढून डोळ्यांवर येतं आणि पडल्यावर निघून जातं. डबे द्यायच्या वेळी मानेशी सैल वेणी घाला, आणि हेल्मेट घ्यायला जातानाही तशीच वेणी घालून जा, म्हणजे माप बरोबर येईल. आणि लोक हसतील का? पहिले चार दिवस हसतील.